जुने दांडी यंत्र उभे करताना : सावंतवाडीच्या कारखान्यातील नोंदी

४ मे २०२४

कोल्हापूरला जाऊन यंत्र पाहून आलो. ब्रशच्या मुठी आणि झाडूच्या दांड्या काढणारा एक छोटा कारखाना बंद होत आहे आणि तेथील गोल दांडी काढण्याचे यंत्र विक्रीला आहे. आमच्याकडे पांगुळगाड्याचे आणि पाळण्याचे गज आजही वडील कातावर (लाकूड फिरवत ठेवून हत्याराने गोल करण्याच्या साधनावर) काढतात. २५ मि.मी. जाडीचा, दोन फूट लांबीचा एक गज त्यांच्या हातून उतरायला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी दिवसभर कातासमोर वाकून बसावे असे कोणालाच वाटत नाही. त्यांचा खरा हात लाखकामात आहे. त्यामुळे लाकूड गोल करण्याचे काम यंत्राने करावे आणि रंग चढवण्याचे काम त्यांच्याकडे राहावे, असे ठरवून ही खरेदी करीत आहोत.

यंत्राची रचना साधी आहे. मधोमध पोकळ स्पिंडल (फिरणारा दांडा) असून त्याच्या तोंडावर कटर हेड (पाती धरणारा भाग) बसवलेले आहे आणि हेडमध्ये चार पाती आतल्या दिशेने तोंड करून बसतात. चौकोनी पट्टी पुढच्या दातेरी रोलरांमधून आत ढकलली जाते, फिरणारी पाती तिचे कोपरे उतरवतात आणि गोल झालेली दांडी बुशमधून (तिला आधार देणाऱ्या नळीतून) मागच्या रबरी रोलरांकडे जाते. कातावर लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर असते. येथे लाकूड स्थिर आहे आणि हत्यार फिरते. वडिलांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले.

यंत्र चालू करून पाहता आले नाही, कारण त्या कारखान्याची वीज आधीच तोडलेली होती. हाताने स्पिंडल फिरवल्यावर खरखर जाणवली. बिडाच्या बेडला तडा नाही, गिअरबॉक्स गळत नाही, रोलरांचे दाते शाबूत आहेत. बेअरिंगे बदलावी लागणार हे धरूनच भाव ठरवला. चार पाती आणि १२, १६, २० व २५ मि.मी. चे चार बुश सोबत मिळाले.

१० मे २०२४

आज अक्षय्य तृतीया. यंत्र आजच आत यावे असा आईचा आग्रह होता आणि टेम्पोवाल्यालाही आजच वेळ होता. आजरा, आंबोली या मार्गाने उतरताना घाटात टेम्पो अगदी सावकाश आणावा लागला. यंत्राचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास असावे आणि त्यातले बरेचसे वरच्या बाजूला आहे. निघण्यापूर्वी मोटर उतरवून वेगळी बांधली होती, हे शहाणपणाचे ठरले. दारात चेन पुलीने उचलून, खाली तीन जीआय पाइप घालून, पाच जणांनी ते आत सरकवले. आईने कुंकू लावले, नारळ फोडला, आणि यंत्र तूर्त एका कोपऱ्यात उभे केले.

१२ मे २०२४

यंत्र पूर्ण खोलले. आतून निघालेला भुसा जवळजवळ घमेलेभर होता आणि ग्रीसमध्ये कालवून त्याचा लगदा झाला होता. स्पिंडलला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे माप) लावून कटर हेडच्या तोंडाशी हालचाल मोजली, ती ०.१२ मि.मी. भरली. दोन्ही बेअरिंगे ६२१२ क्रमांकाची आहेत, म्हणजे आतला व्यास ६०, बाहेरचा ११० आणि रुंदी २२ मि.मी. मागचे बेअरिंग ठीक होते. पुढचे मात्र नुसते झिजलेले नव्हते, तर ते आपल्या बैठकीत फिरत होते. बैठक व्हर्निअरने मोजली असता सुमारे ०.०८ मि.मी. मोठी झालेली आढळली, आणि तिच्या आतल्या भिंतीवर पंच मारल्याचे जुने व्रण दिसले. म्हणजे ही ढिलाई पूर्वीही कोणाच्या तरी लक्षात आली होती आणि पंच मारून, धातूचे उंचवटे उठवून वेळ मारून नेली होती.

आमच्या फिटरनेही आधी तोच उपाय सुचवला. मी नाही म्हटले. पंचाचे उंचवटे चार-सहा महिन्यांत दबतात आणि बेअरिंग पुन्हा फिरू लागते. शिवाय ते उंचवटे सगळीकडे सारखे नसल्यामुळे स्पिंडलचे केंद्र सरकते, आणि या यंत्रात केंद्र सरकले तर हाती काहीच राहत नाही. बैठक कुडाळच्या एमआयडीसीत नेऊन मोठी करून घेणे, तिच्यात बिडाची स्लीव्ह (नळी) दाबून बसवणे आणि नंतर आतून ११० मि.मी. चे माप काढणे असे ठरले.

१३ मे २०२४

चौथऱ्याचे काँक्रीट ओतले. चार फूट बाय अडीच फूट, जाडी सहा इंच. जुना कोबा तेवढ्या जागेत फोडून खाली चिऱ्याचे तुकडे ठोकून बसवले. अँकर बोल्टांसाठी लाकडी साचा करून चार पाइपांचे तुकडे मध्ये उभे ठेवले, म्हणजे नंतर बोल्ट थोडे इकडे-तिकडे हलवता येतील. पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे आहे.

२१ मे २०२४

स्लीव्ह बसवून बैठक परत आली. काम स्वच्छ झाले आहे. नवी बेअरिंगे तेलात ९० अंशांपर्यंत गरम करून स्पिंडलवर चढवली; ती हाताच्या दाबाने सरकली, हातोडी लावावी लागली नाही. तेलाच्या भांड्याच्या तळाशी तारेची जाळी ठेवून बेअरिंग तिच्यावर ठेवले होते, कारण बेअरिंग थेट तळाला टेकले तर त्याची एकच बाजू जास्त तापते. जोडणीनंतर डायल गेजचा काटा एका फेरीत ०.०२ मि.मी. पेक्षा जास्त हलत नाही. गिअरबॉक्समधील तेल दुधासारखे पांढरे झाले होते, म्हणजे त्यात पाणी शिरले होते. ते काढून, आतून रॉकेलने धुऊन ९० नंबरचे नवे तेल भरले.

२५ मे २०२४

यंत्र चौथऱ्यावर चढवले, रबरी पॅड घालून लेव्हल केले आणि बोल्ट आवळले. मोटर जोडताना एक गोष्ट ध्यानात आली. मोटर ३ अश्वशक्तीची, १४४० फेऱ्यांची आहे. तिच्यावर ६ इंची पुली होती आणि स्पिंडलवर ५ इंची. म्हणजे स्पिंडल मिनिटाला अवघ्या १७२८ फेऱ्या करीत असणार. झाडूच्या दांडीला तेवढे चालते. रंगवण्याच्या गजाला चालणार नाही. मोटरला १० इंची, बी सेक्शनच्या (बी मापाच्या) पट्ट्यांची, दोन खाचांची पुली आणून बसवली. आता स्पिंडलच्या २८८० फेऱ्या होतील. मोटरची पाटी गहाळ झालेली नव्हती, ही कृपाच म्हणायची. पूर्ण भाराचा प्रवाह ४.६ अँपिअर असे तिच्यावर वाचता येते, म्हणून स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (प्रवाह वाढला की मोटर बंद करणारा) त्याच आकड्यावर लावला. आमच्या भागात पावसाळ्यात एखादा फेज जाणे नित्याचे आहे, आणि रिले नीट लावलेला नसेल तर उरलेल्या दोन फेजांवर गुरगुरत मोटर जळते.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा स्पिंडल उलटे फिरले. दोन वायरींची अदलाबदल केल्यावर दिशा सुधारली. पाती न बसवता अर्धा तास यंत्र चालू ठेवले. बेअरिंगच्या बैठकीवर हात ठेवता येईल इतपतच ती तापली. पुलीच्या पट्ट्यांवर (बेल्टवर) फिटरकडून जाळी वेल्ड करून घेतली. ती होईपर्यंत कारखान्यातल्या मुलांना यंत्राजवळ फिरकू दिले नाही.

१ जून २०२४

आज पाती बसवली आणि पहिला गज काढला. त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण यात दोन चुका निघाल्या आणि दोन्ही माझ्या होत्या.

पाती सहाणेवर लावून, ३५ अंशांची धार देऊन ठेवली होती. चारही पाती सारखीच दिसत होती, म्हणून तशीच बसवली. यंत्र चालू होताच चौथरा थरथरला. बंद केले, बोल्ट तपासले, पुन्हा चालू केले, थरथर तशीच. शेवटी चारही पाती बाजारातल्या सोनाराकडे नेऊन त्याच्या काट्यावर तोलली. तीन पाती ४१.६ ग्रॅमच्या आसपास भरली आणि चौथे ४३.१ ग्रॅम. दीड ग्रॅम म्हणजे काय, असे कोणालाही वाटेल. पण केंद्रापासून ५० मि.मी. अंतरावर, मिनिटाला २८८० फेऱ्यांना हा दीड ग्रॅम सुमारे ७०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो आणि ती ओढ सेकंदाला ४८ वेळा दिशा बदलते. चौथे पाते बहुधा नंतर कधीतरी वेगळ्या पट्टीतून कापून केलेले असावे. त्याची पाठ घासून, दर वेळी पाण्यात बुडवून, ४१.६ वर आणले. धारेची बाजू मुळीच गरम होऊ दिली नाही. पोलाद निळे पडले की धार टिकत नाही.

थरथर थांबली. मग २८ मि.मी. ची सागवानी पट्टी आत घातली. एक मीटर पट्टी सात सेकंदांत पार झाली आणि गज बाहेर आला तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, मग डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हात फिरवून बघ, वळ लागतत.” खरेच, गजावर स्क्रूच्या आट्यासारखे मंद वळ होते. कच्च्या लाकडावर ते डोळ्यांना फारसे दिसत नव्हते, परंतु लाख चढवून केवड्याच्या पानाने चकाकी आणली की प्रत्येक वळ उजेडात उठून दिसणार, हे त्यांना सांगावे लागले नाही.

रात्री मोजपट्टी घेऊन वळांमधील अंतर मोजले. दहा वळांना ३० मि.मी. भरले, म्हणजे एका वळाला ३ मि.मी. आता हिशेब असा आहे: सात सेकंदांना एक मीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ८.६ मीटर, आणि त्याला २८८० ने भागले की एका फेरीत लाकूड जवळजवळ ३ मि.मी. पुढे सरकते. चार पाती सारखीच कापत असतील तर वळ पाऊण मि.मी. अंतरावर पडायला हवेत. ते ३ मि.मी. वर पडत आहेत, याचा अर्थ एका फेरीत एकच पाते शेवटचा हात मारीत आहे आणि उरलेली तीन त्याच्या आड राहत आहेत. वेग कमी करून किंवा धार पुन्हा लावून हा दोष गेला नसता.

३ जून २०२४

पाती एका पातळीवर आणण्याचे काम दिवसभर चालले. पाती आतल्या बाजूला कापत असल्यामुळे डायल गेज थेट लावता येत नाही. म्हणून वडिलांकडून कातावर पितळेचा २४.९ मि.मी. व्यासाचा दांडा करून घेतला, तो मागच्या बुशमध्ये केंद्रावर घट्ट बसवला आणि प्रत्येक पाते व दांडा यांच्यामध्ये ०.०५ मि.मी. ची फीलर पट्टी (फट मोजण्याची पातळ पत्री) ठेवून, ती किंचित अडत ओढता येईल इतके पाते पुढे घेतले. दांडा पितळेचा घेतला तो धार वाचावी म्हणून. दोन्ही बाजूंचे ०.०५ धरले की २५.० चे माप आपोआप येते. एक पाते आवळताना शेजारचे सरकते, त्यामुळे चारही पाती तीनदा फिरून तपासावी लागली.

पुढचा गज वडिलांनी बराच वेळ हातात धरला आणि काही न बोलता कोपऱ्यात उभा करून ठेवला. तक्रार नाही, हेच उत्तर समजलो.

८ जून २०२४

पाऊस लागला आहे. आज वीज दुपारपर्यंत नव्हती.

संध्याकाळी काढलेल्या गजांवर वरच्या अंगाला चार-साडेचार मि.मी. रुंदीची एक सपाट पट्टी शिल्लक राहू लागली आणि खालच्या बाजूने मात्र जाड ढलप्या निघत होत्या. पाती ठीक आहेत, कारण फिरणारी पाती जेथे पोहोचतात तेथे गोलच कापतात. म्हणजे लाकूडच केंद्रावरून जात नाही. पुढच्या रोलरांची उंची मोजली. त्यांच्यामधील पट्टीचे केंद्र स्पिंडलच्या केंद्रापेक्षा १.७ मि.मी. खाली निघाले. पट्टीची अर्धी जाडी १४, त्यातून १.७ वजा केल्यास १२.३, आणि गजाची त्रिज्या १२.५. तेवढे ०.२ मि.मी. लाकूड पात्यांना लागतच नव्हते. रोलरच्या बैठकीखाली पत्र्याचे शिम घालून उंची साधली. १ जूनच्या गजावर ही पट्टी का दिसली नव्हती, याचा विचार केल्यावर आठवले की त्या दिवशी रोलरची स्प्रिंग सैल होती आणि मी ती नंतर, कोणालाही न सांगता, आवळली होती. नोंद न करता काही हलवायचे नाही, असे यंत्राशेजारच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवले आहे.

पट्टीचे शेपूट पुढच्या रोलरमधून सुटले की ते पात्यांबरोबर गरकन फिरते आणि शेवटचे पाच-सहा इंच फुकट जातात, हेही आज दिसले. त्यावर उपाय सोपा आहे: एकीच्या मागे लगेच दुसरी पट्टी लावत राहायची. तशी लावली की फक्त दिवसातल्या शेवटच्या पट्टीचे शेपूट वाया जाते.

१६ जून २०२४

आठवडाभरात काढलेले गज माळ्यावर पत्र्याखाली ठेवले होते. आज पाळण्याच्या चौकटीच्या भोकांत घालून पाहिले तर काही गज सैल खुळखुळतात. व्हर्निअरने एका गजाला एकीकडून २४.८७ आणि काटकोनात फिरवून २४.७२ भरले. काढताना सगळीकडून २५.० होता.

यंत्राचा यात दोष नाही. लाकूड सुकताना वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने जास्त आकसते आणि केंद्रापासून बाहेरच्या दिशेने कमी. सागवानात हे प्रमाण साधारण दुप्पट असते. ओल्या लाकडाचा गोल गज सुकला की तो लंबगोल होतो. ओल मोजण्याचे मीटर लावून पाहिले: गोदामातील पट्ट्यांत १८ टक्के ओल, माळ्यावरच्या गजांत १२. माळ्यावर पत्रा तापतो आणि खालून भट्टीची ऊब येते, म्हणून तेथे पावसातही लाकूड सुकते. सागवानाचे हे हाल, तर आमच्या स्वस्त मालात जे अकेशियाचे लाकूड लागते त्याचे काय होईल? वडिलांना आकडे दाखवले. त्यांनी आकड्यांकडे न बघता सांगितले, “लाकूड सुकाक नाय, मशीन काय करतला?” हातकामात ते गज कापून महिनाभर तसेच टांगून ठेवतात, मग कातावर शेवटचा हात मारतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो आणि तरीही यंत्र आले म्हणताच विसरलो.

२९ जून २०२४

शेजारच्या काजू कारखान्याचा हंगाम संपला असल्याने त्यांचा काजूगर सुकवण्याचा ड्रायर मोकळा आहे. २९ मि.मी. च्या पट्ट्या, टोकांना मेण लावून, मध्ये चिपा घालून त्यात रचल्या आणि ४५ अंशांवर ठेवल्या. काजूगराला जेवढी उष्णता देतात तेवढी दिली असती तर लाकूड टोकांकडून फुटले असते. दोन दिवसांत ओल १८ वरून १५ पर्यंत उतरली. मग उष्णता तीच ठेवून आणखी तीन दिवस घेतले आणि १२ टक्क्यांवर थांबलो. सहा पट्ट्या वाकल्या. त्या १२ मि.मी. च्या खुंट्यांसाठी वेगळ्या काढल्या, कारण छोट्या तुकड्यात तेवढा वाक खपतो. बाकीच्या रंधा मशीनवर धरून चारी बाजूंनी सरळ करून २८ वर आणल्या. यापुढे रंधा मशीनवर जेवढा वेळ जाईल तेवढा दांडी यंत्रावर वाचेल. वाकडी पट्टी रोलरांत सरळ दिसते, पण बाहेर पडल्यावर गज पुन्हा वाकतो.

भुसा बाहेर काढण्यासाठी दोन अश्वशक्तीचा ब्लोअर व कापडी पिशवी लावली. पिशवी कारखान्याबाहेर पडवीत आहे आणि दररोज संध्याकाळी रिकामी करायची आहे.

१२ जुलै २०२४

सुकवलेल्या पट्ट्यांचे १४० गज काढले. दर वीस गजांमागे एक मोजला. सगळ्यात लहान २४.९६, सगळ्यात मोठा २५.०४. चौकटीच्या २५ मि.मी. च्या भोकांत ते हलक्या ठोक्याने बसतात. दोन गज गाठीपाशी फाटले. ते पट्टी निवडताना माझ्या नजरेतून सुटले होते.

मागच्या बुशचा प्रश्न उरला आहे. सोबत मिळालेला २५ मि.मी. चा बुश आत २५.६ पर्यंत झिजलेला होता आणि त्यात दांडी थरथरत असल्यामुळे तिच्यावर बारीक चटके उठत होते. फिटरने नायलॉनचा बुश करून देतो म्हणून सांगितले आहे, पण त्याला पंधरा दिवस लागणार आहेत. तोवर वडिलांनी आजोबांच्या वेळच्या जुन्या खैराच्या खुंटाचा बुश कातून दिला, त्याला आतून मेण चोळले आणि यंत्रात बसवताना स्वतः शेजारी उभे राहिले. ३ जुलैला त्याचे माप २५.१ होते, आजचे १४० गज काढून झाल्यावरही २५.१ आहे. नायलॉनचा बुश आता १६ मि.मी. चा मागवायचा, असे फिटरला उद्या कळवायचे आहे.